सालईवर अडकलेलं शेपूट

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं आई म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. शेवटचा घास तोंडात असतानाच मी पाटावरून उठलेला असे. भजनात मांडी घालून बसलो की गुडघा आपोआप हलायला लागे, आणि देवापुढे डोळे मिटले की आतून कुणीतरी विचारी, झालं का, निघायचं का? असा माणूस श्रद्धेविषयी लिहायला बसला आहे हे कळलं तर ओळखीचे लोक हसतील. हसू देत. मला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. चैत्रातल्या एका दिवशी माझ्या घरी जे घडलं ते मी पाहिलं तसं सांगतो. तो चमत्कार होता की नुसता योगायोग, याचा निवाडा मी तेव्हा केला नाही आणि आता या वयात करत बसणार नाही.

आमचं गाव वणीपासून बैलगाडीच्या वाटेवर, जंगलाला टेकून वसलेलं. गावामागे एक लांबट टेकडी आणि तिच्या पायथ्याशी मारुतीचा पार. चैत्री पौर्णिमेला सकाळी देवाचा जन्म, दुपारी पंगत, आणि ऊन कललं की पारासमोरून मारुतीचं शेपूट सोडायचं, अशी जुनी रीत. शेपूट म्हणजे दारूचा बाण. दुसऱ्या गावांत त्याला हवाई म्हणतात, पण आमच्याकडे कुणी तसं म्हटलं तर म्हातारे डोळे वटारत. बांबूचा पोकळ नळा, त्यावर अंबाडीच्या सुतळीचे घट्ट वेढे, आत हातानं कुटून ठासलेली काळी दारू, आणि मागे माणसाहून कितीतरी लांब बांबूची कामटी. पेटलं की फुस्स करून आभाळात पांढरी रेघ ओढायचं आणि पापणी लवायच्या आत दिसेनासं व्हायचं. सरळ गेलं तर देवानं ते स्वीकारलं, वाकडं गेलं तर गावानं वर्षभर घाबरून राहायचं. हे शेपूट करण्याचा मान आमच्या घराचा होता.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात वडिलांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली, डोळ्यांत मोतीबिंदू आधीपासून होताच. शेपटाचं काम माझ्या गळ्यात आलं. मी वडिलांच्या हाताखाली काम केलेलं होतं, पण हाताखाली काम करणं वेगळं आणि आपल्या हातानं करणं वेगळं. दारूच्या कामाला थंड डोक्याचा माणूस लागतो. माझं डोकं कसं ते वर सांगितलंच. फाल्गुन लागल्यापासून मला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. शेपूट वाकडं गेलं तर लोक काय म्हणतील, या एकाच विचारानं मी अंगणात येरझाऱ्या घालत होतो. देवाची भक्ती यात कुठेच नव्हती.

त्यात श्रावण भेटला. श्रावण माझ्याच वयाचा, गावाच्या उगवतीला असलेल्या वस्तीतला, काही वर्षं नागपूरच्या गिरणीत काढून परत आलेला. वस्तीनं धम्मदीक्षा घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. पूर्वी मारुतीपुढे डफडं वाजवायला त्यांची माणसं येत. दीक्षेनंतर त्यांनी ते सोडलं, आणि गावातले काही लोक मनात धुसफुसत होते. माझं श्रावणशी बोलणं मात्र कधी बंद झालं नाही. नाल्यात मी बांबू भिजत घालत होतो, तो बैल धूत होता. शांतपणे म्हणाला, “काहून रे, धूर करून देव खुश होते काय?” त्यात खोच नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी हसून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न काट्यासारखा आत राहिला. वडिलांच्या तोंडून मला त्याचं उत्तर कधी ऐकायला मिळालं नव्हतं, कारण त्यांना तो प्रश्न पडलाच नव्हता.

माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सुमन राजूरची. तिचे वडील तिथल्या कोळशाच्या खाणीत कामाला. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण वडीलधाऱ्यांसमोर आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसू. तिला काही सांगायचं तर आईला सांगायचं, आई तिला सांगणार. नाव घेऊन हाक मारण्याचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घेतलं तर लोक त्याला बाईलवेडा म्हणत. तर मी आईला म्हटलं, “तिले सांग, कोळसा कुटून ठेवजो म्हणा. एकदम बारीक.” आईनं निरोप पोचवला. सुमननं उखळात कोळसा कुटला, धोतराच्या फडक्यातून वस्त्रगाळ केला आणि डबा भरून ठेवला. कोपरापर्यंत काळे झालेले तिचे हात मला दारातून दिसले होते.

त्या भुकटीत सोरा आणि गंधक मिसळून मी दारू तयार केली. यंदा ती जरा वजनाला भारी लागते, असं वाटलं. पण माझ्या मनाला तेव्हा सगळंच भारी लागत होतं. नळ्याच्या खालच्या तोंडाशी वडिलांनी आदल्या वर्षी उरवून ठेवलेली दारू ठासली आणि त्यावर माझी नवी. खाटेवरून वडिलांनी जड जिभेनं विचारलं, सगळं नीट आहे ना? मी हो म्हटलं.

पौर्णिमेला देवजन्म झाल्यावर सुमन बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात गेली. चैत्रात पहाटेपासून मोहाखाली फुलांचा सडा पडतो, आणि ऊन तापायच्या आत वेचून आणावा लागतो. बायका नेहमीपेक्षा लवकर परत आल्या, टोपल्या अर्ध्या रिकाम्या, पदर सुटलेले. सुमन त्यांच्यात नव्हती. शेजारच्या बंजारा तांड्यावरची धरमीबाई त्यांच्यात सगळ्यांत वयस्कर. धापा टाकत तिनं सांगितलं, “अस्वल आलतं, बापा. आमी साऱ्या जनी पळालो. मांगं पाह्यलं तं तुह्यी बायको नाई.”

मोहाच्या दिवसांत फुलं खायला अस्वलं येतातच. आमच्या बायकांना ते ठाऊक, कुठल्या बाजूला पळायचं तेही ठाऊक. सुमन खाणीच्या गावात वाढलेली. तिला ना झाडाची खूण माहीत, ना नाल्याची. आम्ही दहा-पंधरा माणसं कुऱ्हाडी, काठ्या घेऊन निघालो. मोहाखाली तिची टोपली उपडी पडलेली सापडली. रक्त नव्हतं, म्हणून जिवात जीव आला. पण ती कुठे गेली याचा माग लागेना. पानगळीच्या दिवसांत सागाची वाळकी पानं सगळीकडे सारखी पसरलेली, पाऊल उमटणार कुठे? बाकीचे तिचं नाव घेऊन हाका मारत होते. मी मात्र ढोरं हाकल्यासारखा नुसता “हो… हो…” असा ओरडत होतो. तिचं नाव ओठांपर्यंत यायचं आणि आजूबाजूच्या काकांना पाहून परत आत जायचं. माझी बायको जंगलात हरवली होती आणि मी रीत पाळत होतो. 

ऊन कलायला लागलं तसे लोक मला परत घेऊन आले. पारासमोर गाव जमलेलं. गुरव मला बाजूला घेऊन म्हणाला, “देवाची येळ चुकवू नोको. शोधाले माणसं गेली हायेत.” मला त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. माझ्या घरातलं माणूस सापडत नाही, आणि मी दारूकाम करू? वडिलांची खाट पाराजवळ आणून ठेवली होती. मी त्यांच्यापाशी गेलो आणि म्हटलं, मी शेपूट सोडणार नाही.  ते डाव्या हातानं माझं मनगट धरून अडखळत म्हणाले, “सोडून दे. धरून काय करशीन?” शेपटाविषयी म्हणाले की माझ्या जिवाच्या तगमगीविषयी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी बत्ती हातात घेतली ती रागानं. नमस्कार केला नाही. मनात एकच होतं, घे बाबा तुझं, आणि माझं मला परत दे. ही काही प्रार्थना नव्हती. भांडण होतं.

शेपूट उठलं तर खरं. जुनी दारू होती तोवर सरळ, पांढरी रेघ ओढत गेलं. आणि मग मध्येच त्याचा जीव गेल्यासारखं झालं. फुस्स आवाज बंद पडला, ते कलंडलं आणि काळाकुट्ट धूर ओकत टेकडीच्या माथ्यावर, एका उंच सालईच्या शेंड्यात कामटीसकट अडकून बसलं. तिथेही विझलं नाही. धुमसत राहिलं. वारा पडलेला होता, त्यामुळे धुराचा जाड खांब सरळ आभाळात चढू लागला. इतक्या वर्षांत असं शेपूट गावानं पाहिलं नव्हतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. गुरव मान खाली घालून देवळात निघून गेला. मागे कुणीतरी हळूच म्हणालं की पोरगी काही परत येत नाही. मी ते ऐकलं.

मी तिथेच मटकन बसलो. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय हलेनात. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की वाळलेल्या पानांवर ठिणगी पडली तर टेकडी पेटेल. उठलो, पळसाच्या फांद्या तोडल्या आणि दोघातिघांना घेऊन आग विझवायला वर चढू लागलो. करायला काही मिळालं म्हणून बरं वाटलं, इतकंच.

माथ्यावर पोचलो तेव्हा पलीकडच्या उतारावरून दोन माणसं वर येताना दिसली. पुढे पिवळं चीवर पांघरलेला, गुळगुळीत डोक्याचा, ठेंगणा माणूस, खांद्याला झोळी. त्याच्या मागे, त्याच्या छत्रीचा आधार घेत लंगडत येणारी सुमन. पदर फाटलेला, कपाळावर ओरखडे. मी पळसाची फांदी हातात धरून तसाच उभा राहिलो. आनंद झाला असं लिहिणं फार सोपं आहे. मला तेव्हा रडू आलं आणि रडू दिसू नये म्हणून मी फांदी तोंडासमोर धरली. लोकांसमोर ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. धुराकडे बोट करून म्हणाली, “मले वाटलं, तुमीच बोलावून राह्यले.”

पुढचं सगळं तिनं घरी आल्यावर आईजवळ सांगितलं. अस्वल पाहून ती दिसेल त्या वाटेनं पळाली, खड्ड्यात पाय मुरगळला, आणि भान आलं तेव्हा आजूबाजूला सगळा सागच साग. दुपारी एका कोरड्या नाल्यात तिला हा माणूस भेटला. त्यानं तिला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी दिलं, पाय फडक्यानं बांधला. त्याचीही वाट चुकलेली होती. भाषा कळत नव्हती, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहून भीती वाटली नाही, असं ती म्हणाली. दोघं नाल्यानं चालत राहिले ते उलट दिशेला. मग आभाळात काहीतरी चमकलं आणि पाठोपाठ काळा धूर उठला. सुमननं शेपूट कधी पाहिलं नव्हतं, तिला वाटलं वणवा लागला. वणव्याकडे कोण जाईल? ती दुसरीकडे पळायला निघाली. तेव्हा तो माणूस हसला, खाली बसला आणि वाळूत बोटानं एक बांबू काढून त्याला लांबलचक शेपूट काढलं. शेपूट पाहिलं आणि सुमननं हात जोडले. तिला वाटलं हा मारुती काढतो आहे, म्हणजे हा धूर आपल्याच पारावरचा. मग काही न विचारता ती त्याच्या मागे धुराच्या दिशेनं चालू लागली.

आमच्या अंगणात त्या परक्या माणसाभोवती गाव गोळा झालं. त्याला बसवायचं कुठे, यावरून कुजबुज सुरू झाली, कारण चीवरावरून तो वस्तीकडे निघालेला भिक्खू आहे हे लोकांनी ताडलं होतं. वडिलांनी खाटेवर डाव्या हातानं थाप मारली आणि त्याला स्वतःशेजारी बसवून घेतलं. श्रावणला बोलावणं गेलं, तो आला, आणि त्यालाही त्याच खाटेवर जागा झाली. वडिलांसमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. भिक्खू सारखा टेकडीकडे बोट दाखवून “र्यूसेई, र्यूसेई” म्हणत होता. आमच्या पाटलांनी सगळ्यांना समजावून सांगितलं की हा रूसी आहे, म्हणजे रशियाचा. श्रावणनं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारपूस केली तेव्हा कळलं की तो जपानचा. आणि र्यूसेई म्हणजे आमचं शेपूटच. डोंगरातल्या त्याच्या गावी लाकडाचा नळा पोखरून त्यावर बांबूच्या कामट्या आवळतात, हातानं कुटलेली दारू ठासतात, मागे लांब बांबू बांधतात आणि भरदिवसा देवळासमोरून देवासाठी आभाळात सोडतात. लहानपणी तो वडिलांचा हात धरून ते पाहायला जायचा. म्हणूनच आभाळातली रेघ पाहताच त्यानं ओळखलं की तिकडे देऊळ आहे आणि माणसं आहेत. त्यांच्याकडे एखादं शेपूट बिघडलं तर लोक काय करतात, असं मी श्रावणकरवी विचारलं. तो म्हणाला, टाळ्या वाजवतात. वडील हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी सालईवर चढून तो जळका नळा काढून आणला. वडिलांनी तो नाकाशी धरला आणि म्हणाले, “रेलगाडीचा वास येते रे.” आई एकदम स्वयंपाकघरात गेली. दारूसाठी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, जाळून केलेला कोळसा तिनं मडक्यात घालून माळ्यावर ठेवला होता. मडक्याचं तोंड बांधलेलं तसंच होतं. पाडव्याला सुमनच्या भावानं चुलीशेजारच्या शेगडीसाठी राजूरहून दगडी कोळशाचं पोतं आणून दिलं होतं, तिनं त्यातला कुटला होता. राजूरच्या पोरीला कोळसा म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? तिच्या माहेरी कोळसा जमिनीतून निघतो. आमच्याकडे तो तुराट्यांचा असतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यानं सांगायचं तो तिच्याशी बोलत नव्हता. ती दाराआड उभी होती. वडिलांनी तिला पुढे बोलावलं आणि अगदी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “भिऊ नोको, बाई. त्याले यंदा धूर पायजे होता.”

मी या वाक्याशी पुढे अनेक वर्षं झगडलो. शेपूट चांगलं झालं असतं तर चमकून विझलं असतं, आणि झाडांच्या दाटीतून त्या दोघांना दिशा धरता आली नसती. ते बिघडलं म्हणून धुमसलं. नुसत्या धुरानंही काम झालं नसतं, कारण सुमन त्यापासून पळालीच असती. त्या धुराचा अर्थ जाणणारा एकच माणूस त्या जंगलात होता आणि तो समुद्रापलीकडून आलेला, मारुती कोण हेही माहीत नसलेला. श्रावणला मी हे सगळं पुढे सांगितलं. तो म्हणाला, यात देव कशाला हवा, माणसानं माणसाला वाट दाखवली. त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही आणि खोडावंसंही वाटलं नाही. माझ्यापुरतं मला एवढं कळलं की मी ज्याला माझी हार समजत होतो त्यातून माझं घर वाचलं, आणि माझ्या हातात बत्ती लावण्यापलीकडे काही नव्हतं. तेव्हापासून मी घरात सुमनला नावानं हाक मारू लागलो. आईनं पहिल्यांदा डोळे मोठे केले, मग तिलाही सवय झाली. माझ्या पायाची भिंगरी काही गेली नाही, पण शेपूट वाकडं जाईल ही धास्ती उरली नाही.

वडील गेल्यावरही मी शेपूट करत राहिलो. तुराट्यांचा कोळसा, वजनाला हलका, आणि शेपूट सरळ जायचं. गाव वर पाहायचं. मी वर पाहत नसे. बत्ती लावली की माझी नजर गर्दीत सुमनला शोधायची. बायकांच्या घोळक्यात ती दिसली की मगच मी मारुतीला हात जोडायचो. इतकी वर्षं माझी भक्ती तेवढीच होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. मिळालेल्या गोष्टीबद्दल आभार मानत होतो.

गेल्या पौषात सुमन गेली. साधा ताप आला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. मी त्याच मारुतीपुढे जाऊन बसलो होतो, मागितलं होतं, भांडलोही होतो. या वेळी टेकडीवरून कुणी आलं नाही. यंदा लोकांना वाटलं मी शेपूट करणार नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण फाल्गुनात हात आपोआप तुराट्या गोळा करू लागले. पौर्णिमेला ऊन कलल्यावर मी बत्ती लावली आणि सवयीनं नजर बायकांकडे गेली. ती तिथे नव्हती. मी पुन्हा पाहिलं. मग खूप वर्षांनी मान वर केली. पांढरी रेघ सरळ वर चढत होती, आणि शेवटी निळ्यात विरून गेली. मी कधी हात जोडले ते मला कळलंच नाही.